लाहोर, मिरज आणि गोदाकाठ : गांधर्व महाविद्यालयाची सव्वाशे वर्षे

५ मे १९०१ रोजी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. २०२६ मध्ये या घटनेला १२५ वर्षे पूर्ण होतात. संस्थेचा इतिहास मुंबई, पुणे, दिल्लीच्या बाजूने अनेकदा सांगितला गेला आहे. येथे तो नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या बाजूने सांगायचा आहे. लाहोरहून निघालेली ही शिक्षणपद्धती आमच्या भागातील मुलांपर्यंत कशी आली आणि तिने मुलांच्या कानांना काय दिले, एवढाच या लेखाचा विषय.

१९०१ ते १९१० : मोठ्या धाडसाचा आरंभ

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली, शाळा सुटली आणि ते मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. त्या काळी कलावंताचे गाणे लोकांना हवे असे, पण त्याला पंक्तीत मान नसे. आपल्याला समारंभाचे निमंत्रण आले आणि गुरूंना आले नाही, ही गोष्ट तरुण विष्णूच्या मनाला लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९६ मध्ये मिरज सोडून ते बडोदा, सौराष्ट्र, उत्तर हिंदुस्थान असे फिरत लाहोरला पोचले.

तेथे त्यांनी जी शाळा काढली तिला कोणा राजाचा आश्रय नव्हता. लोकवर्गणी, जलशांचे उत्पन्न आणि विद्यार्थ्यांची फी यांवर ती उभी राहिली. सुरुवातीला विद्यार्थी मिळेनात. मग मात्र वर्ग भरू लागले. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, फळा, स्वरलिपी, छापील पुस्तके आणि शेवटी परीक्षा अशी गाण्याच्या शिक्षणात पूर्वी न पाहिलेली व्यवस्था तेथे दिसू लागली. पुढे शिक्षक म्हणून काम करणाऱ्यांसाठी उपदेशक वर्ग निघाला. संस्थेने त्यांना खाऊपिऊ घालून शिकवायचे आणि त्यांनी गावोगाव जाऊन शिकवायचे, असा तो करार होता. मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके निघाली. स्त्रियांना आणि मुलींना गाणे शिकवण्याची सोय झाली. आज आमच्या परीक्षा केंद्रांवर मुलींची गर्दी दिसते, तिचे मूळ तेथे आहे.

या शाळेतून किती तानसेन निघाले, असा प्रश्न पलुस्करांना विचारला जाई. तानसेन घडवणे तानसेनालाही जमले नाही, मी कानसेन घडवतो आहे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर संगीतक्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. संस्थेच्या सव्वाशे वर्षांतले सर्वांत मोलाचे धोरण हेच, असे आमचे मत आहे. शंभर मुलांपैकी मैफलीचा गवई एखादाच होतो. उरलेल्या नव्याण्णवांना ऐकता आले पाहिजे, आणि ऐकता येणे शिकवावे लागते.

१९११ ते १९३० : मुंबई आणि आश्रम

१९०८ मध्येच मुंबईत शाखा निघाली होती आणि पुढे संस्थेचे मुख्य काम तेथूनच चालले. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. कर्जापायी ती पुढे हातची गेली. एवढ्या मोठ्या आघातानंतरही शिष्यवर्ग विखुरला नाही, हे विशेष. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकबुवा पटवर्धन, प्रा. बी. आर. देवधर, पं. नारायणराव व्यास, पं. शंकरराव व्यास, पं. नारायण मोरेश्वर खरे, पं. वामनराव पाध्ये आणि इतर कितीतरी जणांनी आपापल्या गावी तेच काम पुढे नेले.

यांतील दोन नावांपाशी थोडे थांबावेसे वाटते. पं. खरे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात गेले आणि तेथील प्रार्थनासंगीताची सारी जबाबदारी त्यांनी उचलली. ‘आश्रम भजनावली’त मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांतील पदे एकत्र आली. आश्रमातली मुले सकाळ-संध्याकाळ ती गात. एका प्रांताचे मूल दुसऱ्या प्रांताच्या चालीत रमू शकते, हे पं. खरे यांनी रोजच्या रिवाजातून दाखवून दिले.

दुसरे प्रा. देवधर. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केले. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी रीतसर अभ्यास केला होता. वेगवेगळ्या घराण्यांचे गवई त्यांच्या शाळेत येत, गात, बोलत आणि विद्यार्थी समोर बसून ऐकत. कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले ते याच शाळेत. आपल्या घराण्याबाहेरचे गाणे शिष्याने ऐकू नये असा दंडक असलेल्या त्या काळात देवधरांनी मुलांना सगळीकडचे ऐकवले.

१९३१ ते १९४७ : मंडळाची स्थापना आणि मिरजेची गाडी

२१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुस्करांनी मिरजेत देह ठेवला. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी विनायकबुवांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, १९३९ मध्ये पं. विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत. १९४७ पासून ‘संगीत कला विहार’ हे मंडळाचे मासिक निघू लागले. एवढ्या मोठ्या शिष्यपरिवारात मतभेद झाले असणारच. सर्वांनी परीक्षा आणि अभ्यासक्रम एक ठेवला, यात त्यांचा मोठेपणा आहे.

या काळात आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. शाळांचे माध्यम उर्दू. खासगी शाळा काढायला आणि सभा भरवायलाही परवानगी लागे. अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशा मोजक्या संस्था मराठी शिक्षणाचा दिवा सांभाळून होत्या. अशा वातावरणात संगीताची वेगळी शाळा कुठून असणार? पण म्हणून मुलांच्या कानांवर काही पडत नव्हते असे नाही. गावच्या मंदिरातले भजन, नवरात्रातला गोंधळ, गणपतीतले मेळे, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतले वाघ्या-मुरळी, दर्ग्यातली कव्वाली, लिंगायत मठांतली मन्मथस्वामींची पदे हे सारे मूल कडेवर असल्यापासून ऐकत होते.

आणि मिरज आम्हाला दूर नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली होती. १९२७ मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला जोडले गेले. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असा तो अडीच फुटी रुळांचा रस्ता होता. ज्या गावात बाळकृष्णबुवांनी शिकवले, जेथे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जेथे शिकलगार कारागीर तंबोरे घडवतात, ते गाव आणि लातूर एकाच गाडीच्या दोन टोकांना होते. तंबोऱ्याचे भोपळेसुद्धा याच मार्गावरच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. शेतकरी ते वाळवून देतो, मिरजेचा कारागीर त्याला दांडी, तबकडी आणि घोडी बसवतो, आणि ‘जवारी’, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढेपर्यंत दिवसचे दिवस तारेखालच्या घोडीवर हात फिरवत राहतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुलाला तंबोरा दाखवताना ही सारी हकिकत सांगावी. भोपळा शेतात पिकतो हे कळले की वाद्याविषयीची भीती निघून जाते.

१९४८ ते १९६० : मोकळा श्वास

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर मराठवाड्यात शिक्षणसंस्था झपाट्याने निघाल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते आता शिक्षक झाले होते. प्रभातफेरीत गायची सवय त्यांना होतीच, ती त्यांनी शाळेच्या प्रार्थनेत आणली.

संगीताच्या बाजूने नांदेड ज्यांचे ऋणी आहे ते नाव गुरुवर्य अण्णासाहेब गुंजकर यांचे. त्यांच्याकडे शिकलेले पं. नाथराव नेरळकर पुढे औरंगाबादला गेले, सरस्वती भुवनमध्ये त्यांनी संगीत शिकवले आणि मराठवाड्यातल्या शिष्यांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आपले माणूस गेल्याचे दुःख झाले.

याच शहरात नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतन शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिकवत होते. ते गायक नव्हते. भरताच्या नाट्यशास्त्रावर मात्र त्यांनी असे विवेचन केले की कलेचा विचार हे पंडितांचे राखीव रान नाही, शाळामास्तरही तो करू शकतो, असा विश्वास नांदेडच्या तरुणांना आला. रसिक घडवायला शिकवणारा, गाणारा आणि समजावून सांगणारा असे तिघेही लागतात. नांदेडला हे तिघेही मिळाले.

१९६१ ते १९८० : परीक्षेच्या दिवशी

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या वीस वर्षांत मंडळाच्या परीक्षा लहान शहरांत आणि तालुक्यांत रुजल्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची नावे घराघरांत माहीत झाली. लातूरला १९६१ मध्ये दयानंद शिक्षण संस्था सुरू झाली आणि शहराला महाविद्यालयीन जीवन मिळाले. घराच्या पुढच्या खोलीत, देवळाच्या ओसरीवर, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात चटया टाकून गाण्याचे, तबल्याचे, हार्मोनियमचे वर्ग भरू लागले. ते चालवणारे गुरुजी आणि बाई बहुधा दिवसा दुसरी नोकरी करीत. या सर्वांनी अत्यल्प मोबदल्यात संस्था उभी ठेवली.

परीक्षेचा दिवस कुठल्याही केंद्रावर सारखाच. बाहेरच्या व्हरांड्यात आया पदराने मुलांची तोंडे पुसताहेत, कुणी तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारून सूर चढवतो आहे, कुणी हातावर टाळी-खाली मोजत त्रिताल पाठ म्हणतो आहे : पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्याला खाली. आत परगावाहून आलेले परीक्षक बसलेले असतात. प्रारंभिकला बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी दुर्गाची सरगम म्हणते. मग परीक्षक पेटीवर चार स्वर वाजवतात आणि विचारतात, हा कोणता राग? मुलगी थांबते, पुटपुटते, पुन्हा ऐकू का म्हणून विचारते. या क्षणी ती गात नसते, ऐकत असते. साऱ्या परीक्षेत आम्हाला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

केरवा हा आठ मात्रांचा ताल मूल पहिल्याच वर्षी शिकते. एकदा तो हातात बसला की तो त्याला सगळीकडे सापडू लागतो : भजनी मंडळात, कव्वालीत, चित्रपटाच्या गाण्यात, लग्नाच्या वरातीत. वर्गात शिकलेली एक गोष्ट गावातल्या पाच गोष्टींची ओळख करून देते. पं. शंकरराव व्यासांनी ‘रामराज्य’सारख्या चित्रपटाला संगीत दिले आणि विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर ‘बैजू बावरा’त गायले, हे मुलांना सांगितले की शास्त्रीय आणि सुगम यांच्यामधली भिंत त्यांच्या मनात उभीच राहत नाही.

याच काळात शाळांतून चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षाही जोमाने होऊ लागल्या. त्या मंडळाच्या नव्हेत, शासनाच्या कला संचालनालयाच्या. पण आमच्याकडे शनिवारी चित्रकलेच्या सरांकडे आणि रविवारी गाण्याच्या बाईंकडे जाणारी मुले तीच असत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन यांनी डोळ्यांना जी शिस्त लावली ती स्वरलिपीने कानांना लावली. निलंग्याच्या नीलकंठेश्वराचा तारकाकृती आराखडा, होट्टलच्या मंदिरांवरचे कोरीवकाम, खरोशाची लेणी, कंधारच्या किल्ल्यातली अक्षरे हे सारे या दोन जिल्ह्यांतच आहे. ज्या कलाशिक्षकांनी मुलांना तेथे वही-पेन्सिल घेऊन बसवले त्यांचे काम गाण्याच्या गुरुजींइतकेच मोठे आहे.

१९८१ ते २००० : नवा जिल्हा, भूकंप, विद्यापीठ

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. शहर वाढले, शाळा वाढल्या, वर्ग वाढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. त्यानंतर औसा-निलंगा भागात कितीतरी दिवस टाळ वाजला नाही. पुनर्वसनाच्या वस्त्यांत शाळा उभ्या राहिल्या तेव्हा मुलांना पुन्हा बोलते करायला शिक्षकांना गाणी आणि चित्रे यांचाच आधार होता.

नव्वदच्या दशकात नांदेडला आकाशवाणी केंद्र आले आणि स्थानिक कलावंत घरोघरी ऐकू येऊ लागले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. युवक महोत्सवात शास्त्रीय गायनापासून पोवाडा, लावणी, भारूड, रांगोळी, मूकनाट्यापर्यंत सर्व कला एका मांडवाखाली आल्या. पुढे विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुलही झाले. विशारद झालेल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यात पुढचे शिक्षण मिळू लागले.

२००१ पासून आजवर : नामदेव, दोन चालींत

२००८ मध्ये नांदेडला शिखांच्या गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या वर्षी जगभरातून रागी जत्थे आले. तख्त सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तन रोजच होते, पण शहरातल्या मराठी घरांचे लक्ष त्याकडे तेव्हा नव्याने गेले.

श्री गुरु ग्रंथसाहिबमधील वाणी ३१ रागांत बांधलेली आहे आणि तिच्यात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. परंपरेने नामदेवांचे गाव मानले जाते ते नर्सी येथून जवळच, हिंगोली जिल्ह्यात आहे. म्हणजे नांदेडच्या मुलाला एकच संतकवी दोन संगीतांत ऐकता येतो : पहाटे गुरुद्वाऱ्यात हार्मोनियम-तबल्यावर शबद म्हणून आणि एकादशीला विठ्ठलमंदिरात टाळ-पखवाजावर अभंग म्हणून. एकीकडे रागी आसनावर बसून शांतपणे स्वर लावतो, दुसरीकडे वारकरी उभा राहून पावली खेळतो. भाषेचा बाज वेगळा, ठेका वेगळा, ऐकणाऱ्यांची बसण्याची रीतही वेगळी. ज्या मुलाला हे दोन्ही एकाच आठवड्यात ऐकवले त्याला ‘संगीताचे विविध प्रकार’ असा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. लाहोरच्या, म्हणजे पंजाबच्याच मातीत सुरू झालेल्या आपल्या संस्थेने नांदेडच्या वर्गांत शीख आणि मराठी मुलांना एकाच चटईवर बसवून तोच सा लावायला शिकवला, याचा आम्हाला अभिमान आहे.

शहरापलीकडचाही खजिना मोठा आहे. किनवट-माहूरकडे गोंड-कोलामांचे ढेमसा नृत्य आहे, तांड्यांवर होळीची लेंगी आहे, माहूरगडावर रेणुकेचे गोंधळी संबळ-तुणतुणे घेऊन उभे राहतात. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या ‘संगीत शंकर दरबार’मध्ये देशातले नामवंत गायक-वादक येतात, आणि तेथे शाळकरी मुले पुढच्या रांगेत बसलेली दिसली की बरे वाटते.

लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात पिण्याचे पाणी उरले नाही. तेव्हा एप्रिलमध्ये ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आले ते मिरजेहून. त्या टंचाईतही मुले बाटलीत घरून पाणी घेऊन क्लासला जात होती. २०२० नंतरच्या महामारीत वर्ग मोबाइलवर गेले. तंबोऱ्याची जागा ॲपने घेतली आणि गुरुजींनी घसा ताणून आवाज पोचवला. या दोन्ही प्रसंगी शिक्षकांनी दाखवलेली चिकाटी संस्थेच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

आज मंडळाचे काम मिरजेचे कार्यालय आणि वाशीचे केंद्र यांच्याद्वारे देशभर चालते. गायन, वादन आणि नृत्य या तिन्ही कलांच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. दहावीच्या निकालात शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थी वाढले. त्याबद्दल शासनाचे आभार. मात्र परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या या प्रदेशात आठवीपर्यंत मन लावून शिकलेले मूल नववीत क्लासच्या वेळा जुळत नाहीत म्हणून गाणे सोडते आणि गुणांपुरतीच परीक्षा देते, ही काळजीची बाब आहे. गुणांसाठी आलेल्या मुलालाही ऐकण्याची गोडी लावून पाठवावे, हे आता शिक्षकांचे मुख्य काम झाले आहे.

म्हणून सव्वाशेव्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांतील केंद्रचालकांना आणि पालकांना विनंती आहे. आपल्या वर्गातील मुलांना या वर्षात परीक्षेशिवाय चार वेळा बाहेर काढावे : हजूर साहिबच्या कीर्तनाला, गावातल्या एकादशीच्या भजनाला, माळेगावच्या जत्रेला आणि निलंग्याच्या किंवा होट्टलच्या मंदिराला. वही सोबत द्यावी, परत आल्यावर मुलांनी काय ऐकले आणि काय पाहिले ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच चित्रांत उतरवून घ्यावे, आणि नववीतल्या मुलाचा आठवड्यातला एक तास कृपा करून गाण्यासाठी राखून ठेवावा.